निळा समुद्र टोबॅगोत, बाकी सगळं त्रिनिदादमध्ये: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आम्ही न्यू जर्सीत राहतो. एप्रिलच्या शेवटी साताऱ्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन आठ दिवस त्रिनिदाद-टोबॅगोला जाऊन आलो. जाण्याआधी मराठीत शोधलं तर कामाचं फारसं काही हाती लागलं नाही, आणि इंग्रजीत जे होतं ते गोऱ्या पर्यटकांच्या डोक्याने लिहिलेलं. त्यात पिवळ्या तापाच्या लशीबद्दल अक्षर नव्हतं, आणि आमचं सगळ्यात मोठं घोडं तिथेच अडलं. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

१. आधी ठरवा, कशासाठी जाताय

हा एकच देश, पण दोन बेटं, आणि दोघांचे स्वभाव वेगळे. त्रिनिदाद मोठं, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून जेमतेम ११ किलोमीटर. तेल आणि वायूवर चालणारं, गजबजलेलं. टोबॅगो लहान, ३०० चौरस किलोमीटरचं, निवांत.

कॅरिबियन म्हटलं की डोळ्यापुढे जो काचेसारखा निळा समुद्र येतो, तो त्रिनिदादच्या पश्चिम किनाऱ्यावर नाही. ओरिनोको नदी आपला गाळ तिकडेच आणून ओतते, त्यामुळे पाणी मातकट. आमच्या शेजारचं एक जोडपं फक्त त्रिनिदादला जाऊन 'काही खास नाही' म्हणत परतलं होतं. ते समुद्र बघायला गेले होते, आणि चुकीच्या बेटावर. त्रिनिदादला माणसं, खाणं, पक्षी आणि देवळं बघायला जा. समुद्र टोबॅगोसाठी राखून ठेवा. आठ दिवस असतील तर पाच आणि तीन अशी वाटणी करा. पाचच दिवस असतील तर तीन आणि दोन.

२. कधी जायचं

जानेवारी ते मे कोरडा हंगाम, जून ते डिसेंबर पावसाळा. त्रिनिदाद कॅरिबियनच्या पार दक्षिणेला असल्यामुळे बहुतेक वादळं त्याच्या उत्तरेकडून निघून जातात, हा मोठा फायदा. कार्निव्हल ॲश वेन्सडेच्या (ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपासाचा पहिला दिवस, फेब्रुवारी-मार्चमध्ये) आधीच्या सोमवार-मंगळवारी असतो. त्या आठवड्यात हॉटेलचे दर आभाळाला भिडतात. वयस्कर माणसं बरोबर असतील तर तो आठवडा टाळाच. पण जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर संध्याकाळी एखाद्या पॅनयार्डमध्ये नक्की डोकावा. स्टीलपॅन हे वाद्य याच बेटावर तेलाच्या पिंपांतून जन्मलं, आणि कार्निव्हलच्या स्पर्धेची तालीम तिथे उघड्यावर चालते.

कासवं बघायची असतील तर मार्च ते ऑगस्ट. दिवाळीत गेलात तर चागुआनासला दिवाळी नगरचा सोहळा मिळेल. तिथे दिवाळीची सार्वजनिक सुट्टी असते.

३. कागदपत्रं, आणि पिवळ्या तापाचं प्रकरण

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. (नियम बदलत असतात, तिकीट काढण्याच्या दिवशी पुन्हा बघा.) पण खरी अडचण वाटेत असते. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे गेलात तर फक्त विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि लंडनमार्गे गेलात तर ट्रान्झिट व्हिसाचे नियम तपासावे लागतात. 'व्हिसा-फ्री' एवढंच वाचून तिकीट काढणाऱ्याला हा फटका विमानतळाच्या काउंटरवर बसतो.

अमेरिकेत एच-१बी वर (नोकरीच्या व्हिसावर) असणाऱ्यांसाठी एक सूचना. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असताना कॅनडा-मेक्सिकोला थोडे दिवस जाऊन परत येण्याची जी सवलत आहे, ती एच-१बी वाल्यांना त्रिनिदादसाठी लागू नाही. शिक्का चालू असेल तरच निघा.

आता लस. भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद (फक्त त्रिनिदाद, टोबॅगो नाही) पिवळ्या तापाचा धोका असलेला प्रदेश आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लशीचं पिवळं कार्ड लागतं. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. कार्ड लस घेतल्यावर १० दिवसांनी ग्राह्य धरतात, आणि मग आयुष्यभर चालतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते.

आम्हाला हे निघायच्या आठ दिवस आधी कळलं, तेही एका मित्राच्या बोलण्यातून. आई-बाबांचं मुंबईचं तिकीट आम्ही परतल्यानंतर दोन दिवसांनी होतं. धावपळ करून डॉक्टरांकडे गेलो, तर ते म्हणाले, ही जिवंत विषाणूची लस आहे, साठीच्या पुढे उगाच देत नाही, आणि या दोघांना तर मी देणार नाही. शेवटी मुंबईचं तिकीट दहा दिवस पुढे ढकललं. मधले दिवस न्यू जर्सीतच गेले की सहा दिवसांची अट आपोआप निघून जाते. तिकीट बदलायचे पैसे गेले, ते गेलेच. तुम्ही भारतातून जाऊन भारतातच परतणार असाल तर निदान महिनाभर आधी लशीचं बघा, आणि घरात साठीपुढचं कोणी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, मग तिकीट काढा.

बरोबर काय हवं:

- पासपोर्ट, निदान सहा महिने चालणारा
- परतीचं तिकीट, छापलेलं
- राहण्याच्या जागेचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर (इमिग्रेशनवर विचारतात, 'एअरबीएनबी आहे' एवढ्याने भागत नाही)
- पुढच्या देशाचा किंवा परतीचा व्हिसा
- पिवळं कार्ड, लागू असेल तर
- गाडी चालवणार असाल तर लायसन्स. अमेरिकेचं चालतं. भारतीय असेल तर आंतरराष्ट्रीय परमिट काढा आणि भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून चालेल असं लेखी घ्या
- डासांचं मलम, भरपूर
- भारतातून थेट जात असाल तर अमेरिकन पिनचा ॲडॅप्टर. वीज ११५ व्होल्टची, आपला हेअर ड्रायर तिथे चालणार नाही

काय नको: लष्करी छापाचे कपडे. टोपी, बर्म्युडा, लहान मुलाचा टी-शर्टसुद्धा. नागरिकांना ते घालायला कायद्याने बंदी आहे.

४. उतरल्यावर: पैसे, गाड्या, रस्ते

पियार्को विमानतळावर थोडे पैसे बदलून घ्या. एका अमेरिकी डॉलरला साधारण पावणेसात त्रिनिदादी डॉलर मिळतात. पाटीवर नुसतं डॉलरचं चिन्ह असतं, ते त्रिनिदादी समजायचं. आईने पहिल्या दिवशी साठ डॉलरची थाळी बघून जेवायलाच नकार दिला होता.

टॅक्सीला मीटर नसतो. आधी भाडं ठरवा आणि नंबरप्लेट बघा. 'एच'ने सुरू होणारी गाडी अधिकृत टॅक्सी. 'पी'ची खासगी, पण तीही सर्रास प्रवासी भरते. स्थानिक बसतात, तुम्ही बसू नका. मॅक्सी टॅक्सी म्हणजे आपली वडाप: पांढरी मिनीबस, अंगावर रंगीत पट्टा. लाल पट्टा पूर्वेकडे, हिरवा मध्य आणि दक्षिणेकडे, पिवळा पोर्ट ऑफ स्पेन आणि पश्चिमेकडे. दिवसा बसायला मजा येते आणि पैसेही अगदी थोडे लागतात.

आम्ही गाडी भाड्याने घेतली. रस्त्याची डावी बाजू असल्यामुळे साताऱ्याहून आलेल्या बाबांना सोपं, मलाच अवघड. एक सापळा मात्र लक्षात ठेवा. पोर्ट ऑफ स्पेनपासून अरिमापर्यंत हायवेला समांतर एक मोकळाच्या मोकळा रस्ता दिसतो. तो प्रायॉरिटी बस रूट. खासगी गाड्यांना परवान्याशिवाय बंदी. ट्रॅफिक तुंबला की फोनवरचा नकाशा खुशाल त्यावर नेतो. आम्ही दोनच मिनिटं गेलो असू, पुढे पोलीस उभेच. बाबांचं वय बघून समज देऊन सोडलं.

आणि दुकानात, टॅक्सीत, कुठेही शिरताना आधी 'गुड मॉर्निंग' किंवा 'गुड आफ्टरनून' म्हणा, मग काम सांगा. थेट 'किती झाले' विचारलं की समोरचा तुटक होतो. 'जस्ट नाऊ' म्हणाले तर घड्याळ बघू नका. ते आपलं 'हा काय, आलोच' आहे.

५. खाणं

याला एक दिवस आधीपासून पोट रिकामं ठेवा.

सकाळ डबल्सने सुरू करा. दोन मऊ, हळदीच्या रंगाच्या तळलेल्या पुऱ्या (तिथे त्यांना 'बारा' म्हणतात), त्यावर पातळसर चना, वर चिंचेची आणि काकडीची चटणी, आणि तिखट. विक्रेता कागदावर बारा टाकतो, पळीने चना ओढतो, कागदाची टोकं पिळून पुडी हातात देतो. सगळं चार-पाच सेकंदांत. गाडीवर रांग नसते, घोळका असतो. नजरानजर झाली की बोटाने किती ते दाखवायचं आणि तिखटाचं सांगायचं: 'विदाऊट', 'स्लाइट' किंवा 'प्लेंटी'. मराठी माणसाने छाती फुगवून 'प्लेंटी' म्हणू नये. तिथली मिरची स्कॉच बॉनेटच्या घराण्यातली, तिच्यापुढे आपली लवंगी गरीब. मी म्हणालो होतो. पुढचा अर्धा तास क्युरीपच्या फुटपाथवर बसून होतो, आणि आई शेजारी 'स्लाइट'वालं तिसरं डबल्स खात होती.

दुपारी रोटीचं दुकान गाठा. धालपुरी म्हणजे आत शिजवून वाटलेली डाळ भरलेली मोठी पातळ रोटी, आपल्या पुरणपोळीची तिखट चुलतबहीण. 'बस-अप-शट' म्हणजे तव्यावर उलथन्यांनी बडवून चिंध्या केलेला पराठा. नाव 'फाटलेला शर्ट' यावरून. भाज्या ओळखीच्या: बैगन चोका हे थेट वांग्याचं भरीत, बोडी म्हणजे चवळीच्या शेंगा, कराईली म्हणजे कारलं. आई खुलली ती सहीना बघून. डशीन या अळूच्या पानांना पीठ लावून तळलेली वडी. तिने तोडून आत बघितलं, वास घेतला आणि म्हणाली, 'गूळ-चिंच विसरलेत.' दक्षिणेला देबे गावात रस्त्याकडेला याच गोष्टींच्या टपऱ्या ओळीने आहेत, फुलोरी आणि आलू पायसकट.

शाकाहारी लोकांसाठी: रोटीच्या दुकानात 'चना-आलू' आणि 'पम्पकिन' जवळपास नेहमी असतं, पण पळी सगळ्यांत एकच फिरते. चालत नसेल तर तसं सांगा. कॅलालू बघून फसू नका. दिसायला हुबेहूब आपलं अळूचं फदफदं, नारळाच्या दुधातलं, पण आत बऱ्याचदा खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं मांस असतं.

६. त्रिनिदाद: काय बघायचं

कारोनी. काही बघितलं नाही तरी चालेल, पण हे चुकवू नका. दुपारी चारच्या सुमाराला सपाट होड्या खारफुटीच्या दलदलीत शिरतात. वाटेत नावाडी डोक्यावरच्या फांदीकडे बोट दाखवतो: वेटोळं घालून झोपलेला अजगराच्या जातीचा साप. मग मोकळ्या पाण्यावर होडी बांधतात आणि सगळे गप्प बसतात. सूर्य खाली गेला की स्कार्लेट आयबिस, म्हणजे लालभडक पक्षी, यायला लागतात. आधी दोन, मग सात, मग मोजायचं सोडून द्यायचं. समोरचं हिरवं बेट दहा-पंधरा मिनिटांत लाल होतं, जसा पांगारा फुलावा. हा रंग त्यांच्या खाण्यातून, खेकडे-कोळंबीतल्या रंगद्रव्यातून येतो. पिल्लं करडी असतात. होडी पक्ष्यांजवळ जात नाही, म्हणून दुर्बीण न्या. फोनच्या कॅमेऱ्यात नुसते लाल ठिपके येतात. मलम लावायला विसरलात तर डास आठवण करून देतील.

वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ. शिवदास साधू नावाच्या मजुराने १९४७ मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जमीन ऊस कंपनीची निघाली, देऊळ पाडलं गेलं, आणि त्याला १४ दिवस तुरुंगात टाकलं. जमीन कुणाची तरी असते, समुद्र कुणाचा नसतो, म्हणून सुटल्यावर तो सायकलवरून दगड-सिमेंट नेऊन पाण्यात भराव घालत राहिला. पंचवीस वर्षं. आज दिसतं ते १९९५ च्या सुमाराला नव्याने उभारलेलं देऊळ. शेजारी स्मशान आहे, तिथे अंत्यविधी चालू असेल तर कॅमेरा खिशात ठेवा. जवळच कारापिचैमाला ८५ फुटी हनुमान आहे, आणि ते ठिकाण म्हणजे दत्तात्रेय योग सेंटर. आमच्या आईने तिथे 'दिगंबरा दिगंबरा' पूर्ण म्हटलं, पुजाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं.

इथे थोडं थांबून सांगतो. ३० मे १८४५ ला 'फातेल रझाक' जहाज पहिले सव्वादोनशे गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर, घेऊन आलं. गिरमिट १९१७ मध्ये थांबलं तोवर १ लाख ४० हजारांहून जास्त माणसं आली, बहुतेक भोजपुरी पट्ट्यातली, कलकत्त्याच्या बंदरातून. आज लोकसंख्येत त्यांचे वंशज साधारण ३५ टक्के. घराघरापुढे बांबूवर रंगीत झंडी दिसते. वडिलांच्या आईला 'आजी' म्हणतात, हे ऐकून आईचे डोळे भरले. पण हिंदी बोलायला जाऊ नका, बहुतेकांना येत नाही. 'म्हणजे तुम्ही आमचेच' हेही नको. पाच पिढ्या ते त्रिनिदादी आहेत आणि त्याचा त्यांना अभिमान आहे.

क्वीन्स पार्क ओव्हल. बाबांसाठी सहलीचं कारण हेच. मार्च १९७१ मध्ये याच मैदानावर सुनील गावसकर पहिली कसोटी खेळले, ६५ आणि नाबाद ६७. सरदेसाईंनी ११२ काढल्या आणि वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं. एप्रिलमधल्या शेवटच्या कसोटीत इथेच पुन्हा गावसकर, १२४ आणि २२०. चार कसोट्यांत ७७४ धावा. सामना नसेल तर गेटवरच्या माणसाला नमस्कार-चमत्कार करून कारण सांगा. आम्हाला दहा मिनिटं आत सोडलं. बाबा पॅव्हेलियनसमोर उभे राहून उत्तरेच्या हिरव्या डोंगराकडे बघत होते. त्यांना त्या वेळी हा सगळा सामना दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात, चार इंचांच्या चौकटीत दिसला होता. तिथून सेंट जेम्स हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या गल्ल्यांची नावं वाचा: बॉम्बे स्ट्रीट, कलकत्ता स्ट्रीट, मद्रास स्ट्रीट.

पिच लेक, ला ब्रे. सुमारे शंभर एकरांचं डांबराचं तळं. पहिल्यांदा बघितलं की पावसात भिजलेली पार्किंगची जागा वाटते, आणि बरेच जण तिथूनच मागे फिरतात. फिरू नका. पाय ठेवला की जमीन हळूच दबते, काडीने डांबराची तार ओढता येते. वॉल्टर रॅले या इंग्रज दर्यावर्दीने १५९५ मध्ये हेच डांबर जहाजांच्या फटींत भरलं होतं. बाहेर रस्त्यावरच गाडी अडवून 'मी गाइड' म्हणणारे भेटतात. थेट आतल्या केंद्रावर जाऊन तिथलाच वाटाड्या घ्या. त्याच्याशिवाय तळ्यावर उतरू नका, काही जागा खरोखर मऊ आहेत. जुनी चप्पल घाला.

माराकास. उत्तरेचा सुंदर किनारा, आणि इथलं पाणी मातकट नाही. लाटा जोरदार, खाली ओढ असते. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा. सगळे 'बेक अँड शार्क' खातात, म्हणजे तळलेल्या पावात शार्क मासा. शार्क नको असेल तर दुसरा मासा मिळतो. जाताना घाटातल्या थांब्यावर अननसाचा 'चाव' घ्या: मीठ, लिंबू, मिरची आणि शॅडो बेनी, म्हणजे कोथिंबिरीची दांडगी बहीण.

कासवं, ग्रांद रिव्हिएर. पोर्ट ऑफ स्पेनपासून अडीच-तीन तास, शेवटी वळणंच वळणं. तिथेच रात्री राहा. किनाऱ्यावर जायला परमिट आणि गाइड लागतो. टॉर्च, फ्लॅश बंद. लेदरबॅक मादी पाण्यातून ओढत वर आली तेव्हा आधी फक्त तिचा श्वास ऐकू आला, म्हातारी माणसं जिना चढताना सोडतात तसा. मग मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणणं, एकदा उजवं, एकदा डावं. अंडी संपून वाळू सारखी होईपर्यंत दीड तास गेला. आमच्यातलं कोणी बोललं नाही.

७. टोबॅगो

विमानाने २०-२५ मिनिटं, फेरीने तीन-चार तास. फेरी स्वस्त, पण समुद्र खवळलेला असतो. गाडी लागणाऱ्यांनी विमान घ्यावं. ईस्टरला दोन्हींची तिकिटं आधीच संपतात, कारण ईस्टरनंतरच्या मंगळवारी बकूला बकऱ्यांच्या शर्यती असतात. बकऱ्याच्या मागे दोरी धरून माणूस पळतो. शंकरपट बघितलेल्याला वेगळं सांगायला नको.

पिजन पॉइंट किंवा स्टोअर बेवरून काचेच्या तळाची होडी घ्या. बकू रीफवर प्रवाळ, आणि पुढे नायलॉन पूल: भर समुद्रात कमरेएवढं नितळ पाणी, खाली पांढरी वाळू. पोहता न येणारी आमची आई पाऊण तास त्यात उभी होती. होडीवाल्याशी तीन गोष्टी आधीच बोला: भाडं, लाइफ जॅकेट, आणि नायलॉन पूलला किती वेळ थांबणार. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, होडीवाला 'चालतं' म्हणाला तरी.

अमावस्येच्या आसपास असाल तर बॉन ॲकॉर्डच्या खाडीत रात्रीची कयाक सहल करा. वल्हं मारलं की पाणी निळसर चमकतं. एक दिवस मेन रिजच्या जंगलाला द्या. १७७६ पासून कायद्याने राखलेलं रान आहे. पाऊस यावा म्हणून झाडं राखायची, हे तेव्हाच त्यांनी कायद्यात लिहिलं.

किनाऱ्यावर हिरव्या, सफरचंदासारख्या छोट्या फळांचं झाड दिसलं तर लांब राहा. ते मँचिनील. फळ विषारी, चीक लागला तर कातडी भाजते, पावसात त्याच्याखाली उभंही राहायचं नाही. मुलांना आधीच सांगून ठेवा.

८. रात्रीचं आणि परतीचं

त्रिनिदादमध्ये गुन्हेगारी आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. अंधार पडल्यावर पोर्ट ऑफ स्पेनच्या मध्यभागात पायी फिरू नका, लाव्हेंटिलच्या बाजूला दिवसाही उगाच जाऊ नका, निर्जन किनाऱ्यावर गाडीत सामान ठेवू नका, आणि सोन्याची साखळी घरीच ठेवा. आईने मंगळसूत्र पोलक्याच्या आत घातलं होतं. जाण्याआधी तिथे आणीबाणी किंवा संचारबंदी लागू आहे का तेही बघा, अधूनमधून लागते.

परतताना कुचेला घ्या: किसलेल्या कैरीचं मोहरीच्या तेलातलं लोणचं. बाटली चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. हातातल्या बॅगेत ठेवलीत तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात. आमच्या दोन गेल्या, तिसरी बाबांच्या मोज्यांत होती. अमेरिकेत उतरल्यावर कस्टम्सवाल्यांना खाद्यपदार्थ आहेत असं खरं सांगा. बाटलीबंद लोणचं सोडतात, पिकलेला आंबा सोडत नाहीत.